दोघींना निम्मी-निम्मी

माझ्यामुळं एका मुलीचं काम बिघडलं. बिघडत होतं तेव्हा मला त्याचं गांभीर्य कळलं नाही. कळल्यावर मी बरेच दिवस गप्प बसले, आणि शेवटी बोलले तेव्हा अर्धंच बोलले. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळं अक्षर मोठं येतं आणि पान लवकर भरतं. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हाच बसते.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. मालक उचगावच्या फाउंड्रीत कामाला जातात, मी दोन म्हशी बघते. मायलेकी आहेत. आई आमच्या गोठ्यात आली ती पहिल्या वेताची, लेक इथंच जन्मली. गोठ्याच्या मधोमध कमरेएवढी भिंत आहे. भिंतीच्या पलीकडं माझी थोरली जाऊ आणि तिच्या दोन म्हशी. सकाळी आम्ही दोघी एकाच वेळी धारा काढतो आणि भिंतीवरून बोलतो. म्हणजे ती बोलते, मी ऐकते. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, लहानपणापासून असंच आहे.

ती मुलगी पहिल्यांदा आली ती दूध संस्थेत. आम्ही किटल्या घेऊन रांगेत उभ्या होतो. सचिवांनी सांगितलं, या ताई जनावरांच्या डॉक्टर आहेत, आता पुढचं संशोधन करतात, दोन मिनिटं ऐका. तिचं बोलणं परभणीकडचं, वय माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. ती म्हणाली, म्हैस रवंथ करताना ढेकर देते, त्यातून एक वायू बाहेर पडतो. तो हवेत जातो आणि उष्णता धरून ठेवतो. झाडांची पानं आणि बिया वाळवून केलेली एक पावडर खाण्यातून दिली तर हा वायू कमी होतो. कॉलेजच्या गोठ्यात तसं दिसलंय, आता लोकांच्या घरी बघायचं आहे.

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्होरनंच का? मागनं बी जात असंल की."

सगळे हसले. मला वाटलं पोरगी लाजेल. ती शांतपणे म्हणाली, "मागून थोडासा जातो, काका. जास्त तोंडातूनच."

माझ्या जावेनं किटली खाली ठेवली. "म्हणजे आमच्या म्हशीच्या ढेकरानं ऊन वाढलंय व्हय? आणि त्या कारखान्यांच्या चिमण्या काय उदबत्त्या हाईत?"

"त्या मोठ्याच आहेत, मावशी. त्यांच्याबद्दल काम करणारे दुसरे लोक आहेत. मला म्हशी कळतात, म्हणून मी म्हशींचं करते."

त्या दिवसापासून गावात तिचं नाव ढेकरवाली ताई पडलं.

मी हसले नाही. महापुराच्या साली पाणी आमच्या गोठ्यात गव्हाणीच्या वर आलं होतं. म्हशी उचगावला नणंदेच्या दारात नेऊन बांधल्या होत्या, आणि आठ दिवस मी तिथं लोकाच्या अंगणात धारा काढल्या. आणि आता चैत्रातच म्हशी जीभ बाहेर काढून धापा टाकतात, दिवसातून तीनदा अंगावर पाणी मारावं लागतं. का ते मला माहीत नव्हतं. ही पोरगी काहीतरी कारण सांगत होती, आणि आपल्या हाताला येईल असं काहीतरी कामही सांगत होती. माझा तिच्यावर विश्वास बसला.

ज्यांच्याकडं सारख्या दुधाच्या दोन म्हशी आहेत अशी घरं तिला हवी होती. तिनं आमचा गोठा निवडला, जावेचा निवडला, आणखी सात-आठ घरं घेतली. मला नको म्हणता आलं नसतं, नको म्हणायलाही बोलावं लागतं. पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता.

तिचं साहित्य बघायला गल्ली गोळा झाली. म्हशीच्या मानेवर जुवासारखी वाकवलेली प्लास्टिकची पाईप ठेवायची, म्होरकीला एक बारीक नळी बांधायची, नळीचं तोंड नाकपुडीपाशी. एक दिवसभर म्हैस जे श्वास आणि ढेकर सोडेल त्यातलं थोडं थोडं त्या पाईपमध्ये जमा व्हायचं. मग ती पाईप काढून कॉलेजात न्यायची आणि आत किती वायू आहे ते मोजायचं. आधी तिनं पावडर न देता दोघींचं मोजून घेतलं. दोघींचं जवळजवळ सारखं आलं. मग दोन चिठ्ठ्या केल्या, माझ्याकडून एक उचलून घेतली. लेक निघाली.

"आता काकी, रोज सकाळच्या आंबोणात ही एक पुडी लेकीला," ती म्हणाली. आंबोण म्हणजे भिजवलेली पेंड आणि भुसा, धारेच्या वेळी आम्ही ते म्हशीपुढं ठेवतो. "आईला एक कणसुद्धा नको. आईचा आकडा आहे तसा राहिला तरच लेकीचा पावडरीनं कमी झाला असं मला म्हणता येईल. माझी तीन वर्षं यात गेली आहेत. तुम्ही जसं द्याल तसंच माझ्या आकड्यात उतरणार."

मी मान हलवली. मला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला अगदी नीट समजलं होतं.

पहिल्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणं केलं. पुडी फोडली तर हिरड्यासारखा वास आला. लेकीनं घमेलं चाटून पुसून काढलं. आईनं दावं ताणून मान लांब केली, तिकडं बघितलं, मग आपल्या घमेल्यात तोंड घालून परत बाहेर काढलं. आणि धारेला बसले तर तिनं पान्हा चोरला. सड दाबून दाबून माझी बोटं दुखली.

आमच्यात गोठ्यात दुजाभाव करत नाहीत. सासूबाई होत्या तेव्हापासूनची ही रीत. एकीच्या पुढं पडेल ते दुसरीच्या पुढं पडलंच पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला गावातल्या म्हशी रंगवून, सजवून मिरवायला नेतात, तेव्हा एकीच्या शिंगाला मोरपीस आणि दुसरीचं शिंग मोकळं असं कधी झालं नाही. आजारी असेल, गाभण असेल तर निराळं. पण दोघी धडधाकट, एकमेकींशेजारी उभ्या, त्यात एक पोटची आणि एक आई. आईच्या डोळ्यांसमोर लेकीला काहीतरी चांगलं द्यायचं आणि आईला कोरडं ठेवायचं हे रोज सकाळी करणं माझ्यानं होईना.

दुसऱ्या दिवशी मी आईला चिमूटभर घातली. चिमटीनं काय होतंय, असं मनाशी म्हटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी पुडी निम्मी-निम्मी व्हायला लागली. आईनं पान्हा सोडला. मला इतकं बरं वाटलं की त्या मुलीची आठवणसुद्धा झाली नाही.

जावेनं भिंतीवरून बघितलं. "तू बी दोघींना घालतीस व्हय?"

मी घमेलं आईपुढं सरकवलं.

"मी तर पयल्या दिवसापासनं घालालोय. एकीच्या तोंडाम्होरं दुसरीला खाऊ घालायचं म्हणजे सावत्र आईगत झालं की. आपल्याच्यानं न्हाय हुईत."

"ताईंना सांगायचं का?" मी हळूच विचारलं.

"कशाला? पुड्या तर म्हशीच्याच पोटात जाईत्यात, आपण काय खाईत न्हाय."

आम्ही दोघी हसलो. मी हसले हे लिहिताना मला आता लाज वाटते.

महिन्याभरानं ती पाईपा घेऊन आली. मोजून पुन्हा आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पालथ्या बादलीवर बसून तिनं वही उघडली आणि मला दाखवली, जसं काही मला त्यातलं कळणारच होतं. "बघा ना काकी. लेकीचा आकडा थोडा कमी झालाय, पण व्हायला हवा तेवढा नाही. आणि आईला पावडर नाही, तरी तिचाही खाली आलाय. असं होणारच नाही. माझ्याच पाईपा कुठंतरी गळत असणार."

मग तिनं एकेक पाईप आमच्या हौदात बुडवली आणि बुडबुडा येतो का ते बघायला वाकली. ओढणी पाण्यात भिजली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी शेणाची पाटी हातात धरून शेजारी उभी होते. गळती कुठं आहे हे मला ठाऊक होतं. बुडबुडा काही आला नाही. तिनं पुन्हा पहिल्या पाईपेपासून सुरुवात केली.

तेवढ्यात तिला फोन आला. समोरून तिचे सर बोलत असावेत, आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही. ती नुसती "हो सर" म्हणत होती. "दोन गोठ्यांत असं आलंय, सर. माझ्याच हाताळणीत चूक असेल, सर." फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी तिला घरात नेऊन भाकरी, भरलं वांगं आणि साईचं दही वाढलं. तिनं पोटभर खाल्लं. "तुमच्याकडं आलं की आईकडं आल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी आणखी एक भाकरी तिच्या ताटात टाकली. खरं सांगायच्या ऐवजी मी तिला खाऊ घालत होते. त्यानंतर ती आली की मी दर वेळी काहीतरी करायचे, थालीपीठ, धपाटे, शेवयांची खीर. जाऊ म्हणायची, "जावई यायला लागलाय काय गं तुझ्या घरात?"

एक दिवस खाता खाताच ती म्हणाली, "असंच राहिलं तर मला लिहावं लागेल की ही पावडर कॉलेजच्या गोठ्यात चालते, शेतकऱ्याच्या घरी चालत नाही. मग पुढं इकडं कुणी ती देणार नाही. आणि मला पुढं काम मिळेल की नाही ते पण माहीत नाही."

माझा हात परातीतच राहिला. पावडर चालत नाही असं नव्हतं. मीच तिला चालू दिलं नव्हतं. तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते एवढंच, "ताक देऊ?"

मालक कामावरून आले, अंगणात साबणानं हातावरची काजळी धूत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग काय, फाशी देत्यात व्हय तुला?" ते म्हणाले. "गप बस. आणि एवढं लागत असंल तर सांगून टाक जा."

"मला बोलायला यायचं न्हाय."

"मग लिव्ह आणि दे. चौथी पास हाईस की."

त्यांनी थट्टेनं म्हटलं होतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, "ताई, पुडी मी दोघींना निम्मी निम्मी दिली. दुसऱ्या दिवसापासून. तुमची पाईप गळत नाही. आईपुढं लेकीला एकटीला देणं मला जमलं नाही. माफ करा."

ती आली तेव्हा मी चहाच्या बशीखाली कागद ठेवून तिच्यापुढं सरकवला आणि गव्हाण झाडायला लागले. गव्हाण आधीच झाडलेली होती. मागं काही आवाज येईना. वळून बघितलं तर ती कागद दोन्ही हातांत धरून बसली होती. रागावली नाही, रडली नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवसापासून?"

"व्हय."

"रोज निम्मी?"

"आधी चिमूटभर. मग निम्मी."

तिनं वहीत लिहून घेतलं. मग मान वर करून हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाईंच्या गोठ्यातही मला हेच दिसतंय, काकी. त्यांनीही असंच केलंय का?"

भिंतीपलीकडं जाऊ म्हशीला पाणी मारत होती. ती काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, माझं मी सांगितलं ते माझं झालं. तिचं मी कसं सांगू? ही मुलगी चार महिन्यांनी जाईल. जाऊ मरेपर्यंत भिंतीपलीकडं राहणार. तिला कळलं की मी तिची चहाडी केली, तर ती गावभर सांगेल, आणि मला गावभर उत्तर देता येणार नाही.

"मला ठावं न्हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. कागदाची घडी घालून वहीत ठेवली. "खूप उपकार झाले, काकी. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी काहीतरी चुकीचं छापलं असतं. तुमचा गोठा आता मी यातून वगळते. कुणाला नाव सांगणार नाही."

उपकार म्हणाली ती. तो शब्द मला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिला.

त्यानंतर ती जावेच्या गोठ्यात येत राहिली. नव्या पाईपा आणल्या, नळ्या बदलल्या, म्होरक्या बदलल्या. आमच्या गोठ्यात पावडरीची गडबड होती, म्हणजे इथं मात्र नक्की साहित्याचीच असणार, असं तिनं धरलं होतं. ते मीच तिला धरायला लावलं होतं. तिच्या गाडीचा आवाज आला की मी घरात जायचे. भिंतीवरून तिनं हाक मारली तर भाकरी तव्यावर आहे म्हणायचे.

काम संपल्यावर तिनं सगळ्यांना देवळाच्या मंडपात बोलावलं. काय निघालं ते तुम्हाला आधी सांगणार, मग छापायला देणार, असं तिनं कबूल केलं होतं. बायका पुढं सतरंजीवर, पुरुष मागं खुर्च्यांवर, नाहीतर खांबांना टेकून. जाऊ माझ्या शेजारी. मुलीनं साध्या शब्दांत सांगितलं की बऱ्याच गोठ्यांत वायू कमी झाला, दूध कुठं घटलं नाही. एक गोठा तिनं काही कारणानं वगळला होता. आणि एका गोठ्यात मात्र फरक दिसला नाही.

"त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही," ती म्हणाली. "बहुतेक माझी यंत्रं नीट बसली नव्हती. ती चूक माझी आहे आणि तसं मी लिहिणार आहे."

"कुठला गोठा?" जावेनं विचारलं.

"नाव कशाला, मावशी."

"माझाच असणार. तूच की तितं पाईपा बुडवत बसलीस. अगं पोरी, यंत्राला कशाला नावं ठेवतीस? मी दोघींना बी घातलीया पावडर. पयल्या दिवसापासनं."

 मग मागून एक बाई म्हणाली, "थोडी थोडी मी बी दिलती की." खांबाजवळून कुणीतरी हसलं. "मग फरक कसा दिसंल? सगळ्यांच्याच म्हशी निम्मं ढेकर देत्यात." आता सगळेच हसायला लागले. जावेला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकीलाच द्यायची हे तिलाही सांगितलं होतं, पण त्यानं पोरीचं काय बिघडतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि ज्या एका बाईला ते माहीत होतं ती तिच्या शेजारी बसून होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिला इचार की. आम्ही दोघी भिंतीवरनं एकमेकीला बघूनच घालत हुतो."

मुलगी हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी सतरंजीच्या काठाचा एक दोरा धरून ओढत बसले.

सगळे पांगल्यावर ती खुर्च्या लावायला थांबली होती. मी जायला निघाले तर म्हणाली, "काकी, मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"तीन आठवडे मी त्या एका गोठ्यात यंत्रं बदलत होते."

तिनं आणखी एक खुर्ची उचलली.

"तुमच्या चिठ्ठीनंतर मला वाटलं होतं, या गावात एक माणूस तरी आपल्याला खरं सांगतंय. मग बाकीच्यांना मी विचारलंच नाही."

ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती नुसतं कारण सांगितल्यासारखं म्हणाली, जसं आकड्याबद्दल बोलायची तसं. मी जावेचं नाव घ्यायला घाबरले, चहाडी होईल म्हणून, हे मला तिला सांगायचं होतं. पण ज्या जावेसाठी घाबरले तिनं सगळ्या गावासमोर हसत हसत सांगून टाकलं होतं. त्यामुळं माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिच्या हातातली एक खुर्ची घेतली आणि भिंतीला लावली. मग दुसरी घेतली. सगळ्या खुर्च्या आम्ही दोघींनी न बोलता लावल्या.

तिनं जे जमलं होतं ते छापायला दिलं नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून करणार आहे. सचिव सांगत होते की आता एका गोठ्यात एक म्हैस निवडायची नाही, एका घरातल्या सगळ्या म्हशींना पावडर द्यायची आणि दुसऱ्या घरातल्या एकीलाही नाही. म्हणजे कुणाला दुजाभाव करावा लागणार नाही. हे ती आमच्याकडूनच शिकली म्हणतात. सचिव कौतुकानं सांगत होते, पण त्यात तिचं एक अख्खं वर्ष गेलं, आणि तिच्या घरची माणसं तिच्या मागं लागली आहेत की आता पुरे कर, हेही तेच सांगत होते.

नव्या घरांची यादी संस्थेच्या भिंतीवर लावली आहे. जावेचं नाव त्यात आहे, ती मला वाचून दाखव म्हणाली म्हणून मी तेवढं वाचलं. खालची नावं वाचली नाहीत. माझं असेल तर मी कोणत्या तोंडानं तिच्यापुढं उभी राहू, आणि नसेल तर ते मला भिंतीवर वाचायचं नाही. रोज दोन वेळा किटली घेऊन मी त्या यादीसमोरून जाते, आणि तिथं आलं की माप टाकणाऱ्याच्या हाताकडं बघत राहते.